कात्रीची धार

रायपूरच्या पंडरी बाजारातून आणलेला कोसा बेतताना कात्री अडखळली आणि कापड पात्यांमध्ये दुमडले, की धार गेली असे आपण मानतो. ते खरे असेलच असे नाही. कात्री मुळात कापते कशी, हे आधी पाहिले पाहिजे.

सुरीचे काम एका धारेवर चालते. कात्रीचे, दोन कडा परस्परांवरून सरकण्यावर. चांगली कात्री मिटून उजेडासमोर आडवी धरली, तर खिळा व टोक यांच्या दरम्यान बारीक फट दिसते. ही कारागिराची चूक नव्हे. पाती मुद्दाम किंचित बाकदार घडविलेली असतात. त्यामुळे ती कापताना एकाच बिंदूत भिडतात, आणि कात्री मिटते तसा हा बिंदू टोकाकडे सरकतो. खिळा सैल झाला की हा स्पर्श सुटतो. मग धार शाबूत असूनही कोशासारखे निसरडे कापड मध्येच दुमडते. म्हणून प्रथम खिळा आवळून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

न भागल्यास कुरुंदाचा बारीक दगड घ्यावा. पात्याचे आतले अंग दगडाला लावू नये. त्याने तो बाकच नाहीसा होतो. घासायचा तो बाहेरच्या कडेवरील अरुंद उतार, आणि तोही मूळच्या कोनात. कोन राखणे अवघड खरे. पण उतारावर काळी शाई लावून दोनचारदा घासावे. शाई सर्वत्र सारखी निघाली तर कोन साधला. केवळ धारेशी निघाली तर पाते फार उभे धरले गेले. आतल्या कडेवर बोटाला सूक्ष्म खरखर लागली की थांबावे. मग कात्री हलकेच काही वेळा उघडमीट केली असता ती खरखर जाते.

पॉलिश पेपरचे तुकडे कापण्याचा उपाय लोकप्रिय आहे. त्याने कडा जराशी खरवडली जाते, बोथट कात्री मात्र सुधारत नाही. सायकलवरील चाकाचे काम झटपट होते. पण पाते जोराने दाबल्यास तापते. ते निळे पडले, तर पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापून मऊ झाले असे समजावे. तेथे धार टिकत नाही. २०१३ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेली मेरठची कात्री पुनःपुन्हा धार लावून वापरण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तीही अशा घाईने वाया जाते. पात्याला खोल खाच पडली असेल, किंवा कात्री नागमोडी कडेची असेल, तर ती जाणत्या शिकलगाराकडेच द्यावी.

शेवटी कोशाची एक ओली चिंधी केवळ टोकाने कापून पाहावी.