बनावट विनंतीचा धोका

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथील एखाद्या सेवा केंद्राचा चालक सकाळी एकदा लॉगिन करून दिवसभर दाखल्यांचे अर्ज भरतो, असे समजू. प्रत्येक अर्जाला त्यास पासवर्ड द्यावा लागत नाही. लॉगिनच्या वेळी मिळालेली ‘कुकी’ ब्राउझर दर विनंतीसोबत आपणहून जोडतो. मेख नेमकी येथेच आहे. त्याच वेळी त्याने एखादे फसवे पान उघडले, तर त्यात लपविलेला अर्ज शासकीय प्रणालीकडे परस्पर विनंती धाडू शकतो. कुकी खरी, संगणक खरा. इच्छा मात्र चालकाची नव्हे.

ओळख-व्यवस्थापनाच्या प्रणालीत हा दोष अधिक घातक ठरतो, कारण अनेक दालनांच्या किल्ल्या तेथे एकाच जुडग्यात असतात. ‘फ्री-आयपीए’ या प्रणालीतील असा दोष जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. तेथे आधीच्या लॉगिनची कुकी मात्र वापरता येत नव्हती. प्रवेशाची नवी विनंतीच घडवावी लागे.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक अर्जासोबत सर्व्हरने दिलेले गुप्त टोकन होय. फसव्या पानास ते वाचता येत नाही. पासवर्ड बदलताना जुना पासवर्ड पुन्हा विचारला जातो, याचा अनेकांना कंटाळा येतो; पण त्यामागील एक कारण हेच आहे.