गर्भिणीचे दात व हिरड्या

प्रत्येक मुलामागे आईचा एक दात जातो, अशी समजूत आपल्या खेड्यांतून फार जुनी आहे. पोटातले बाळ आईच्या दातांतील चुना ओढून घेते, असे तिचे कारण सांगतात. हे खरे नव्हे. बाळाच्या हाडांस लागणारा चुना आईच्या आहारातून येतो, आणि तेथे उणा पडल्यास तिच्या हाडांतून घेतला जातो; दातांतून नव्हे. दात जातात ते किडीने व हिरड्यांच्या रोगाने.

गर्भ राहिला म्हणजे स्त्रीच्या शरीरातील संप्रेरके वाढतात. त्यांच्या योगाने हिरड्या लाल होऊन सुजतात व घासताना रक्त येते. रक्त पाहून कित्येक भगिनी घासणेच सोडून देतात. मग दातांच्या मुळाशी कीट साचून सूज अधिकच वाढते. रक्त आले तरी मऊ ब्रशाने दिवसातून दोनदा घासावे. ओकारी झाल्यावर मात्र लगेच घासू नये, कारण तिच्यातील आंबट रसाने दातांचे कवच मऊ झालेले असते. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी व तासाभराने घासावे.

आता मशेरीविषयी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड दात घासावयाची वस्तू म्हणून घरात येते व व्यसन होऊन राहते. दाढ ठणकली की मशेरी, मळमळले की मशेरी! तिने ठणका घटकाभर बधिर होतो, म्हणून ती औषध वाटते. कीड आपले काम करीतच असते. मुंबईत 1217 गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, ती 2004 साली प्रसिद्ध झाली. मशेरी किंवा तत्सम तंबाखू वापरणार्‍या स्त्रियांची बाळे सरासरीने 105 ग्रॅम हलकी भरली. 2006 साली त्याच पाहणीतून असेही दिसले की, अशा स्त्रियांस मृत बालक होण्याचे प्रमाण अडीचपटींहून अधिक होते. ज्या घरी सासूबाईही मशेरी लावतात, तेथे एकट्या सुनेस उपदेश करून काय होणार? डबी घरातूनच गेली पाहिजे.

दोनजिवाच्या बाईने दात काढू नये, हे भयही व्यर्थ आहे. चौथा ते सहावा महिना उपचारास सोयीचा. परंतु दाढ सुजली वा पू झाला तर कोणताही महिना असो, थांबू नये. बधिर करण्याची सुई योग्य प्रमाणात दिल्यास बाळास अपाय करीत नाही. मात्र आपण गरोदर आहो हे डॉक्टरांस आधी सांगावे, व दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने पुढे बाळाचे दात डागाळतात. हिरड्यांच्या उपचाराने अकाली प्रसूती टळते असे सिद्ध झालेले नाही. तरी उपचार निर्धोक आहे व आईचे दात वाचतात, हे काय थोडे झाले?

2016 पासून सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेस गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी तोंडही पाहावयास सांगावे. गंगाखेड, पालम, सोनपेठकडील जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात, त्यांतील गरोदर भगिनींनी हे काम निघण्यापूर्वीच उरकावे. फडावर दाढ सुजल्यास दवाखाना दूर असतो आणि मजुरीचा दिवस बुडवणे जड जाते.