सिकलसेल : एका कडीचा फरक

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. गांधीबागेतल्या दवाखान्यात ते "रक्तवाढीचं टॉनिक द्या" म्हणतात. पण दोष हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बांधणीत असतो. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढेच! मास स्पेक्ट्रोमीटर या अतिसूक्ष्म तराजूवर अशी साखळी ३० डाल्टनने हलकी भरते. वजनावरून घडण मात्र कळत नाही. ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली : प्राणवायू कमी पडला की हे रेणू एकमेकांना चिकटून चौदा पदरी दोर वळतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडे ठणकतात. टॉनिकने ही कडी बदलत नाही. लोहाच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. लग्न ठरवताना मात्र दोघांचीही इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.