इंग्रजीच्या तासाला तंत्रज्ञान: पैसे कुठे घालावेत?

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले २००० साली. आज लोकवर्गणी जमली की गावाला पहिला आठवतो तो भिंतीवरचा मोठा पॅनल. ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल साधारण लाख-दीड लाखाला पडतो. माझे मत विचाराल तर सुरुवात तिथून नको. पॅनलपुढे तीस मुले बसतात आणि उत्तर देतो तो ज्याला आधीच येते असा एखादा. ज्याच्या घरी इंग्रजी कानावरही पडत नाही, त्या मुलाला रोज दहा मिनिटे स्वतः मोठ्याने वाचायला मिळाले पाहिजे.

त्यासाठी दहा-बारा हजारांचे दोन टॅब आणि पाचशे-सातशेचे माइकवाले हेडफोन पुरतात. गूगलचे ‘रीड अलाँग’ ॲप मोफत आहे. मूल वाचते, ॲप ऐकते, अडले की शब्द उच्चारून दाखवते. गोष्टी एकदा डाउनलोड केल्या की नेट लागत नाही. ॲप मराठीतही आहे, म्हणून बुजरे मूल आधी मराठी वाचून धीट होते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर एकच गोष्ट मराठी आणि इंग्रजीत मिळते, छापूनही घेता येते, तीही फुकट. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ उघडते. अभ्यासक्रमाचे सॉफ्टवेअर विकायला कोणी आले, तर आधी हे वर्षभर वापरा.

सगळ्या वर्गाला ऐकवायला दीड-दोन हजारांचा ब्लूटूथ स्पीकर पुरे. पडदा हवाच असेल तर ४३ इंची टीव्ही वीस-पंचवीस हजारांत येतो. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुने दरपत्रक स्वीकारू नका.

खरा खर्च पुढे असतो. इन्व्हर्टर आणि बॅटरीला वीस-पंचवीस हजार लागतात, आणि चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षामधून वर्षाला मिळणारे संयुक्त अनुदान २५,००० रुपयांपर्यंत. वीजबिल, डागडुजी, स्वच्छता त्यातूनच भागवायची. म्हणून दानात आलेल्या महागड्या यंत्राची दुरुस्ती कोण करणार, हे दात्यालाच आधी विचारा. वॉरंटी ‘ऑनसाइट’ असल्याचे बिलावर लिहून घ्या, नाहीतर जिल्ह्याच्या गावाहून येणाऱ्या कारागिराचे भाडेही शाळेच्या माथी बसते.

टॅबला जाड कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास लावा. दोन्ही मिळून पाचशे-सहाशे रुपये. फुटेल या भीतीने कपाटात कुलूपबंद पडलेले टॅब मी बऱ्याच शाळांत पाहिले आहेत.