आमिषवासना आणि उपदेशीयांचा आचार

उपदेश घेऊन मांसाहार सोडला. तथापि आखाडात शेजारच्या फोडणीचा वास आला, किंवा कंदुरीचे आमंत्रण आले, की मन मागे वळते. मग आचार भंगला काय? पुसेगाव परिसरातील वासनिकांचा हा प्रश्न विचारणीय आहे.

वास येणे हा इंद्रियांचा धर्म, आठवण होणे हा पूर्वसंस्कार. त्या आठवणीस रुकार देणे हा मात्र जीवाचा दोष होय.

'लीळाचरित्रा'त पारध्यांच्या भयाने धावणारा ससा सर्वज्ञांच्या आश्रयास येतो. स्वामी त्याचे रक्षण करतात. पारध्यांचा मात्र धिक्कार करीत नाहीत. यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. ताटातले मांस हे अशाच एका भयभीत जीवाचे शरीर होते, हे स्मरावे. आणि मांस खाणाऱ्या भावकीचा तिरस्कार करू नये. तिरस्काराने अहंता वाढते, वासना जात नाही.

कंदुरीच्या दिवशी घरी वरण-भाकरी खाऊन, नामस्मरण करून मगच भेटीस जावे. पंक्तीस बसू नये.

घसरण झालीच तर? खाल्ले हा एक दोष, लपविले हा दुसरा. 'आता सर्व गेलेच' म्हणून मार्ग सोडणे हा सर्वांत मोठा. अनुतापपूर्वक गुरूंपाशी निवेदन करावे, प्रायश्चित्त घ्यावे आणि दुसऱ्या सकाळी देवपूजेस बसावे.

दंडवत प्रणाम.