प्रसूतीची वाट पाहताना : शेवटच्या दिवसांची साधना



कोलकात्याच्या गार्डन रीचला दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. हीच पूर्वीची बंगाल नागपूर रेल्वे. म्हणून नागपूरकडची मराठी कुटुंबे येथे येणे नवे नाही. समजा, अशाच एका घरातील सुनेला नववा महिना पूर्ण होत आला आहे. आई नागपूरहून आली आहे, बॅग भरून ठेवली आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटली आणि कळा मात्र नाहीत. रोज फोन येतो, "काय गं, अजून काही नाही?" आणि मन खचू लागते.

तारीख म्हणजे वचन नव्हे

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून ही तारीख काढतात. तो केवळ अंदाज असतो. नेमक्या त्याच दिवशी फार थोडी बाळे जन्मतात. गार्डन रीचच्या काठावर उभे राहिलात तर हुगळीत भरतीची वाट पाहणारी जहाजे दिसतील. पाणी चढल्याशिवाय गोदीत शिरता येत नाही, हे कप्तान जाणतो. तो थांबतो, पण झोपत नाही.

चरकाचार्यांची शिकवण

चरकसंहितेच्या शारीरस्थानात आचार्य सांगतात की, कळा आल्या नसताना जोर करू नये. शिंक वेळेआधी ओढून आणता येत नाही, तसेच हे आहे. मात्र ते लगेच दुसरी बाजूही सांगतात : आलेली शिंक दाबणे जसे अपायकारक, तसे वेळ आल्यावर टाळाटाळ करणेही अपायकारक. घाई नको आणि दिरंगाईही नको, हाच या दिवसांचा धर्म आहे.

म्हणून केवळ शुभ मुहूर्तासाठी सिझेरियनचा आग्रह धरू नका. 39 आठवड्यांआधी विनाकारण जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो. ईश्वराने ठरवलेली घटिका आपल्या पंचांगापेक्षा मोठी आहे. पण डॉक्टरांनी कारण सांगून कळा सुरू करण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला, तर तोही ईश्वराचाच मार्ग समजून स्वीकारा. त्यात श्रद्धा कमी पडली असे मुळीच नाही. एरंडेल पिण्यासारखे घरगुती उपाय स्वतःच्या मनाने करू नका.

दिवसाची साधना

1. पहाटे डाव्या कुशीवर किंवा टेकून बसून दहा मिनिटे मंद स्वरात गायत्री मंत्राचा जप करा. गर्भातील बाळ आता ऐकू शकते आणि आईचा आवाज ओळखू लागते.
2. दीर्घ, संथ श्वास घ्या. श्वास सोडताना जबडा आणि खांदे सैल सोडा. कळांच्या वेळी हाच अभ्यास कामी येईल.
3. बाळाच्या हालचालींकडे रोज लक्ष द्या. हे ध्यानच आहे.
4. "अजून नाही का?" या प्रश्नांची उत्तरे घरातील दुसऱ्या कोणाकडे सोपवा.

तेव्हा जप नव्हे, रुग्णालय

बाळाची हालचाल कमी झाली, पाणी गेले, रक्तस्राव झाला, तीव्र डोकेदुखी होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा कळा नियमित आणि वाढत्या जोराच्या झाल्या, तर तत्काळ निघा. विश्रांतीने थांबणाऱ्या कळा बहुधा खऱ्या नसतात, तरी शंका आल्यास विचारा. 102 क्रमांक घरात सर्वांना पाठ असू द्या.

कुटुंबीयांना विनंती

माहेर दूर असेल तर शेजारच्या माशीमाला आधीच सांगून ठेवा. बंगालमध्ये गर्भवतीला आवडीचे जेवण देऊन "साध" करतात, आपल्या डोहाळजेवणाचीच ही बहीण. पतीने रात्री फोन उशाशी ठेवावा. सासूबाईंनी मुलगा की मुलगी हा विषय काढू नये.

भगिनींनो, आज एवढाच संकल्प करूया : बाळाच्या वेळेला मी वेळ देईन, आणि वेळ येताच क्षणाचाही उशीर करणार नाही.