पुस्तक, चित्रपट आणि आपले मत



कादंबरी वाचून झाली किंवा चित्रपट पाहून झाला की ‘कसा वाटला?’ हा प्रश्न ठरलेलाच. आपली उत्तरेही ठरलेली असतात: ‘मस्त’, ‘बोर’, ‘ठीक होता’. कधी कधी वर्गात ‘मला गोष्ट चांगली लागली’ असेही ऐकू येते. ग्वाल्हेरला हिंदीच्या शेजारात राहताना असे होणारच. पण मराठीत भाजी चांगली लागते, गोष्ट आवडते. म्हणून या पाठात दोन गोष्टी शिकू या. मत कसे बनवायचे आणि ते मराठीत कसे मांडायचे.

माहिती, आवड आणि मत

उदाहरणासाठी सर्वांच्या घरी माहीत असलेले पुस्तक घेऊ. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. ही झाली माहिती. ‘मला चित्रपट आवडला’ ही झाली आवड. दोन्हींपैकी एकही मत नव्हे. आवडीला ‘कारण’ जोडले आणि त्या कारणाला पुस्तकातला किंवा चित्रपटातला एखादा प्रसंग दाखवता आला, की मत तयार होते.

सुवर्णपदक मिळाले म्हणून चित्रपट चांगला, असे म्हणणे म्हणजे परीक्षकांचे मत आपले म्हणून सांगणे. चित्रपटात आईची भूमिका करणाऱ्या वनमाला ग्वाल्हेरच्या. २००७ साली त्यांचे निधनही याच शहरात झाले. याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण आपल्या गावच्या म्हणून त्यांचे काम उत्तम, हे कारण चालणार नाही. त्यांचा चेहरा, आवाज, थांबणे यांतले काय मनाला भिडले, ते सांगायला हवे.

एक प्रसंग, दोन मते

श्याम पोहायला जायला घाबरतो आणि लपून बसतो. आई त्याला शिपटीने मारून बाहेर काढते. मुलाला लोकांनी भित्रा म्हटलेले तिला सहन होत नाही. हा प्रसंग वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, ‘आई कठोर आहे, पण तिचा कठोरपणा मला पटतो, कारण तिला श्यामची भीती घालवायची आहे.’ दुसरी विद्यार्थिनी म्हणेल, ‘मारून भीती जाते हे मला पटत नाही. धीर देऊनही त्याला पाण्यात उतरवता आले असते.’ दोघांनी पुस्तक वाचले आहे आणि दोघांकडे कारण आहे. म्हणून दोन्ही मते ऐकण्यासारखी आहेत.

आता हाच प्रसंग पडद्यावर पाहा. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री आठवणी सांगतो. त्याच्या बोलण्यात आईविषयीची कृतज्ञता आधीच असते, त्यामुळे वाचताना मार तितका बोचत नाही. पडद्यावर मात्र रडणारे मूल आपल्यासमोर असते. आमच्या मते म्हणूनच पाहणाऱ्याला आईचा राग अधिक तीव्र वाटतो. तुम्हाला वेगळे वाटले तर कारणासह सांगा.

‘पुस्तकासारखा नाही’

ही तक्रार नेहमीची. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली. सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. याच दिग्दर्शकाने २०२३ साली ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल. ‘शाळा’ कादंबरीत नववीतला मुकुंद जोशी स्वतःच बोलतो. त्याच्या मनातले सगळे आपल्याला पानोपानी कळते. कॅमेऱ्याला मनात शिरता येत नाही. त्याला नजर, प्रकाश, शांतता यांतून ते दाखवावे लागते. म्हणून नुसते ‘वेगळा आहे’ म्हणून थांबू नका. काय गाळले, त्या जागी काय आले आणि त्याने गोष्टीचे काय झाले, हे तीन प्रश्न विचारा.

नेमके शब्द

मनाला बरे वाटले तर ‘आवडले’. विचार मान्य झाला तर ‘पटले’. आत कुठेतरी स्पर्श झाला तर ‘भावले’. एखादी गोष्ट विसंगत वाटून टोचत राहिली तर ‘खटकले’. एखादे पुस्तक आवडूनही त्यातली एखादी गोष्ट खटकू शकते. हा फरक ज्याला सांगता येतो, त्याला ‘मस्त’ आणि ‘बोर’ यांची गरज उरत नाही.

पालकांसाठी

‘श्यामची आई’ आपल्या पिढीने डोळे पुसत वाचली. आजचे मूल ‘मला ती फार रडकी वाटली’ असे म्हणाले, तर आपण दुखावतो आणि ‘तुला काय कळतंय’ म्हणून विषय संपवतो. तिथे मुलाचे बोलणे संपते आणि बहुधा मराठीतले बोलणेही संपते. त्याऐवजी ‘कुठला प्रसंग रडका वाटला?’ एवढेच विचारावे. मुलाला उत्तर शोधायला पुस्तक पुन्हा उघडावे लागेल. ते उत्तर आपल्याला पटले नाही तरी चालेल. आपणही आपले कारण सांगावे.

स्वाध्याय

१. अलीकडे वाचलेल्या पुस्तकाविषयी किंवा पाहिलेल्या चित्रपटाविषयी पाच वाक्ये लिहा. ‘मस्त’, ‘छान’, ‘बोर’ हे शब्द वापरू नका.
२. त्यात आवडलेली एक आणि खटकलेली एक गोष्ट प्रसंगासह सांगा.
३. घरातल्या मोठ्या माणसाला त्याच कलाकृतीविषयी विचारा. त्यांचे मत तुमच्यापेक्षा वेगळे असेल तर तेही त्यांच्या कारणासह, न बदलता लिहा.